१४४ साखळ्यांचं हिमोग्लोबिन

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताखालून जातात आणि जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर हिमोग्लोबिनचा आकडा असतोच. त्यामुळे खोल समुद्रातल्या ट्यूबवर्मबद्दल वाचायला घेतलं तेव्हा त्याची लांबी, त्याला तोंड नसणं वगैरे नवलाई बाजूला राहिली आणि मी अडकले ती त्याच्या रक्तात.

थोडी ओळख आधी करून देते. रिफ्टिया पॅकिप्टिला हे त्याचं नाव. १९७७ साली गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ‘अल्विन’ पाणबुडीतून गरम पाण्याचे झरे शोधणाऱ्या मंडळींना भलतीच जिवंत वस्ती सापडली. मोहीम भूगर्भशास्त्राची, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन तुटपुंजं, म्हणून काही नमुने चक्क रशियन व्होडकात ठेवले. आमच्याकडे असा नमुना आला असता तर मी त्यावर ‘रिजेक्ट’ लिहून मोकळी झाले असते!

पांढऱ्या कायटिनच्या नळीत राहणारा हा प्राणी दीड-दोन मीटरपर्यंत वाढतो. वर लालभडक तुरा. प्रौढ किड्याला ना तोंड, ना आतडं. मग तो जगतो कशावर? १९८० मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात प्राणीशास्त्रज्ञ मेरेडिथ जोन्स यांनी सांगितलं की याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात. ऐकणाऱ्यांत कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी होती. ती तिथेच म्हणाली की आत गंधकावर जगणारे जीवाणू असणार. पुढच्याच वर्षी तिचा शोधनिबंध आला. धडाच्या आत ट्रोफोसोम नावाचा अवयव या जीवाणूंनी गच्च भरलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ते ऊर्जा मिळवतात, कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात आणि किड्याला पोसतात. त्यांना कच्चा माल पोचवायचं काम मात्र किड्याचं.

आणि खरी गंमत इथेच आहे. हायड्रोजन सल्फाइड हे सायनाइडसारखंच विष. पेशीतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम, ते बंद पाडतं. माणसात गंधक हीमला, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह असलेल्या भागाला, चिकटलं तर सल्फहिमोग्लोबिन तयार होतं. त्यावर ऑक्सिजन चढत नाही आणि रक्ताला हिरवट काळपट झाक येते. रिफ्टियाला मात्र ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही एकाच रक्तातून न्यायचे असतात.

आपल्या हिमोग्लोबिनमध्ये ग्लोबिन या प्रथिनाच्या ४ साखळ्या असतात. याच्या रक्तातल्या मोठ्या हिमोग्लोबिनमध्ये १४४! ते लाल पेशींत कोंडलेलं नसतं, थेट द्रवात विरघळलेलं असतं. ऑक्सिजन नेहमीप्रमाणे हीमच्या लोहावर बसतो, सल्फाइड मात्र वेगळ्याच जागी. त्यामुळे दोघांत जागेवरून भांडण नाही. ती वेगळी जागा कुठली, यावर बराच वाद झाला. एका गटाच्या मते ग्लोबिनमधलं मोकळं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल), दुसऱ्याच्या मते जस्ताचे आयन. २०१९ मध्ये याच्याच नात्यातल्या, समुद्रतळातल्या थंड झिरप्यांपाशी राहणाऱ्या लॅमेलिब्रॅकिया ल्युमेसी या ट्यूबवर्मचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला. त्यात बी१ या प्रकारच्या हिमोग्लोबिन साखळीच्या जनुकांची संख्या वाढलेली दिसली आणि त्यांतल्या अनेकांत मोकळं सिस्टीन होतं. जस्ताची जागा मात्र सगळ्या ट्यूबवर्ममध्ये टिकून राहिलेली नाही. माझं मत सिस्टीनच्या बाजूने झुकतं, अर्थात माझ्या मताला इथे कोण विचारतंय!

त्याच जीनोममध्ये अमिनो आम्लं बनवणारी बरीच जनुकंही गायब आहेत. म्हणजे जीवाणू नसले तर उपासमार नक्की. इतकं अवलंबित्व आहे म्हटल्यावर मला वाटलं होतं की जीवाणू अंड्यातूनच पिल्लाला मिळत असतील. तसं नाही. रिफ्टियाची अळी जीवाणूंविना निघते आणि अंड्यातल्या साठ्यावर सुमारे ३८ दिवस काढू शकते. ती तळावर बसली की पाण्यातले जीवाणू तिच्या त्वचेतून आत शिरतात, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे घराचा नकाशा जनुकांत आहे, भाडेकरू मात्र दर पिढीला नव्याने बाहेरून यायचा.

मग पाण्यात त्यांचा साठा टिकतो कसा? झरा आटला की किडे मरतात. २०१५ मध्ये प्रयोगात दिसलं की मेलेल्या किड्यातून जीवाणू जिवंत बाहेर पडतात आणि पुढे वाढूही शकतात. किडा त्यांना पचवतो, हेही खरंच. पण सगळेच काही पचत नाहीत.