उरलेली बाटली

काकांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीच्या चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याखाली, आडवा होतो. "अरे, गाडी पुढे सरकत नाहीये. जळका वास येतोय. इंजिन ऑइल बघितलं, ते बरोबर आहे." मी एवढंच म्हणालो, "काका, बाजूला उभी करा आणि आता अजिबात चालवू नका," आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघालो.

पोचलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धग येत होती. मदतीला थांबलेला एक जण चाकावर पाणी ओतायच्या बेतात होता, त्याला आधी थांबवलं. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकतेही. ब्रेक पेडलवर पाय ठेवला तर ते दगडासारखं घट्ट, खाली जाईचना. चाकं निवेपर्यंत थांबलो. मग पुढच्या एका चाकाचा ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधला द्रव बाहेर काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल केला. चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरू लागलं. म्हणजे पाय उचलल्यावरही ब्रेकच्या लायनीत दाब कोंडून राहत होता. निपल बंद करून पेडल दोनदा मारलं, पुन्हा चाक जाम.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. आतलं रबर फुगून, सुरकुतून बाहेर लोंबलं. ते परत बसवायला गेलो तर बसेना, इतकं मोठं झालं होतं. ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

"काका, यात काय घातलंत?"

"तू दिलेलंच. त्या बाटलीत उरलं होतं ना, ते."

बाटली मीच दिली होती.

साधारण पाच आठवड्यांपूर्वी काका हीच गाडी घेऊन आले होते. जुनी गाडी, पण जपलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल गळत होतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी खाली टाकलेल्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग. दोन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं, मागचं रबरी सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ऑइल जिथून टपकतं तिथूनच गळतं असं समजू नये. ते वरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यांत खालच्या टोकाला जाऊन टपकतं. म्हणून मी आधी इंजिन धुऊन कोरडं केलं आणि काकांना दोन दिवस गाडी चालवायला सांगितलं.

दोन दिवसांनी बघितलं तर निम्म्याहून जास्त ऑइल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून उतरत होतं. कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चपटं पडलं होतं. शिवाय इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने बुजलेला. इंजिनातला गॅसचा दाब जायला वाट नाही, म्हणून तो ऑइलला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलत होता. पॅकिंग बदललं, व्हॉल्व्ह नवा टाकला. गळती बरीच कमी झाली, पण मागच्या सीलचा पाझर थोडा राहिलाच. थेंब नाही, नुसती ओल.

एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा असं मला वाटलं नाही. अशा ठिकाणी गळती थांबवणाऱ्या अॅडिटिव्हचा, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायच्या औषधाचा, उपयोग होतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. जुनं सील बहुतेक वेळा फाटलेलं नसतं, वाळलेलं असतं. उष्णतेने रबरातला मऊपणा निघून जातो, ते आकसतं आणि त्याची कड शाफ्टला घट्ट बिलगत नाही. अॅडिटिव्हमधली रसायनं रबरात मुरतात, ते किंचित फुगतं, मऊ होतं आणि कड पुन्हा टेकते. एका दिवसात हे होत नाही. काहीशे किलोमीटर गरम ऑइल त्या सीलवरून फिरावं लागतं. सील चिरलेलं असेल, शाफ्टवर खाच पडली असेल किंवा कागदी पॅकिंग तुटलेलं असेल तर मात्र बाटलीमागून बाटली ओतूनही काही होत नाही. आणि ज्यात भुकटीसारखे कण असतात ते मी इंजिनात कधीच घालत नाही. ते भोक बुजवायला जातात आणि ऑइलच्या बारीक वाटा किंवा चेंबरमधली जाळी बुजवून बसतात.

बाटली ५ लिटर ऑइलच्या हिशोबाची होती. काकांच्या इंजिनात त्याहून बरंच कमी मावतं. तेवढ्याच प्रमाणात घातलं, आणि तेही डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्या वर पातळी जाऊ नये म्हणून आधी तितकं ऑइल काढून. पातळी वर गेली की क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. बाटलीत तिसरा हिस्सा उरला. गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाला, म्हणून झाकण लावून काकांच्या हातात दिली. "ठेवा, पुढच्या वेळी लागेल." याहून एक शब्द जास्त बोललो नाही.

तीन आठवड्यांत पुठ्ठा कोरडा झाला. काकांनी फोन करून आनंदाने सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मागच्या एका चाकाशीही ओल दिसते आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरते. बाटलीवर लिहिलेलं, ऑइलची गळती थांबवते. इंजिनात ती थांबलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं, कारण आपण सगळेच त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. मीही तेच म्हणतो.

पण ते ऑइल नाहीच. ते ग्लायकॉलपासून बनतं, पाण्यात मिसळतं, तेलात मिसळत नाही. त्याच्यासाठी ब्रेकमध्ये जे रबर वापरतात ते ईपीडीएम. इंजिनातल्या जुन्या सीलचं रबर सहसा नायट्राइल, ते तेलात टिकतं. ईपीडीएमला पेट्रोलियम तेल लागलं की ते किंचित नाही, बेसुमार फुगतं. काकांनी घातलेलं अॅडिटिव्ह आधी डबीत वरच तरंगत राहिलं असणार, तेल हलकं असतं. पण चाकाकडची गळती चालूच होती. पातळी उतरत गेली आणि तेल डबीखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये शिरलं, जिथे पेडल दाबलं की ब्रेकचा दाब तयार होतो. तिथला रबरी कप फुगला आणि दाब परत जायचं बारीक छिद्र झाकून बसला. मग ब्रेक दाबला की सुटायचा मार्ग नाही. पॅड घासत राहिले, चाकं तापली, तापल्याने आतला द्रव आणखी फुगला, ब्रेक आणखी आवळला. काका हळू चालवणारे म्हणून गाडी नुसती थांबली. उतारावर, वेगात, पुढची चाकं अशी आवळली असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

गाडी उचलून आणली. डबीतला द्रव काचेच्या बरणीत काढला आणि काकांसमोर ठेवला. थोड्या वेळात दोन थर वेगळे दिसू लागले, वर तेल, खाली ब्रेकचा द्रव. काका बराच वेळ बघत राहिले. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मी म्हणालो, "नाही काका, मी सांगायला हवं होतं."

अशा वेळी नुसता द्रव बदलून भागत नाही. रबराने पिऊन घेतलेलं तेल परत निघत नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, लवचिक होज, डबीचं झाकण, सगळं नवं घातलं. धातूच्या नळ्या नव्या ब्रेक फ्लुइडने पुन्हा पुन्हा धुतल्या, थेंब स्वच्छ येईपर्यंत. मागच्या चाकाची मूळ गळती त्या चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या आत पडलेल्या गंजाच्या खड्ड्यांमुळे होती. ती कुठल्याच बाटलीने थांबली नसती. या कामाच्या मजुरीचा विषय मी काकांना काढू दिला नाही.

इंजिनाखालचा पुठ्ठा आठेक महिने कोरडा राहिला. मग पुन्हा ओल दिसली, आणि यावेळी थेंबही. काकांनी बाटलीचं नावही काढलं नाही, सरळ गाडी घेऊन आले. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा सीलची कड एका जागी झिजून पातळ झालेली होती आणि क्रँकवर नखाला लागेल अशी रेघ. नवं सील रेघेपासून जरा बाजूला बसेल इतकं आत ढकललं.

बसवण्याआधी काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, उजेडात उलटसुलट फिरवलं आणि विचारलं, "हे कुठलं रबर?"

"व्हायटन," मी म्हणालो. "इंजिनाच्या ऑइलसाठीचं."