तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवाली बाई बटाटे का घेऊन गेली?

"मॅडम, तुम्ही तर कॉम्प्युटरवाल्या. मग तुमच्याच पाठात स्क्रीन का नसते?"

बी.एड.ला प्रवेश घेतल्यापासून हे ऐकतेय. वर्गातल्या पोरी विचारतात, मेथडचे, म्हणजे अध्यापनपद्धती शिकवणारे सर विचारतात, आमच्या आत्याबाई तर जेवायला वाढताना विचारतात. दरवेळी मी हसून विषय बदलते. आता एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी सरळ हेच वाचायला देता येईल.

पहिली गोष्ट, 'स्क्रीन नसते' हे खोटं आहे. असते. तुम्ही पाहायला येता तेव्हा नसते, एवढंच.

दुसरी गोष्ट. मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीच्या, म्हणजे त्या कॉम्प्युटर-प्रमाणपत्राच्या सेंटरवर शिकवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण संध्याकाळच्या बॅचला कोण यायचं ते ठाऊक नसेल. झेडपीचे गुरुजी यायचे. सरकारी नोकरीत ती परीक्षा सक्तीची झाली होती आणि वेतनवाढ अडकू नये म्हणून पन्नाशीतली माणसं डबल क्लिक शिकत होती. एक गुरुजी माउस टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत न्यायचे आणि जागा संपली की तो तसाच हवेत धरून माझ्याकडे बघायचे. मला तेव्हा वाटायचं, यांच्या हाती पोरांचं भविष्य? मी तेवीस-चोवीसची होते, बोटं कीबोर्डवर पळत होती आणि शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला कळलंय अशी पक्की खात्री होती. तेच गुरुजी दुसऱ्या दिवशी सकाळी साठ पोरांना एका खडूवर तासभर धरून ठेवत असतील, हे डोक्यातच आलं नाही. आपण बॅचला दहाजण शिकवतो आणि त्यातले तीन पेंगतात, हेही सोयीस्करपणे विसरायचे.

बरं, बी.एड.च्या पहिल्या वर्षी आयसीटीच्या (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) प्रात्यक्षिक वहीत मी काय लिहिलंय? "तंत्रज्ञानामुळे अमूर्त संकल्पना मूर्त होतात." खाली सरांची लाल पेनातली बरोबरची खूण. आज त्या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि ते बटाट्यांवरून सुरू झालं.

आंतरवासितेत, म्हणजे बी.एड.मध्ये शाळेत जाऊन शिकवायचं असतं त्यात, मला सातवीचा भूगोल मिळाला, घटक समोच्च रेषा. शाळा वाईजवळची. वर्गाच्या खिडकीतून पांडवगड दिसतो. वर्गात लोकसहभागातून घेतलेला मोठा टच टीव्ही, त्यावर मरून रंगाचं मखमली कव्हर. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, "मॅडम, टीव्ही वापरा बरं का, फोटो काढून ग्रुपवर टाकायचेत." गूगल अर्थवर पांडवगडाभोवती गरागरा फिरवून आणणं मला अवघड होतं का? डोळे मिटून केलं असतं. आणि म्हणूनच केलं नाही.

समोच्च रेषा डोंगरावर कुठे काढलेली नसते. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या जागा मनातल्या मनात जोडायच्या, तेव्हा ती तयार होते. डोंगर समोर आहे, तो मूर्त आहे. रेषा अमूर्त आहे. पोरांना डोंगराकडून रेषेकडे जायचंय, आणि ते जाणं हाच पाठ आहे. 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे अध्यापनाचं सूत्र आपण सगळ्यांनी घोकलंय. स्क्रीनवर गडावर पिवळ्या रेषा काढून दाखवल्या, की ते जाणं सॉफ्टवेअरनेच उरकलं. पोरं नुसती बघणार, 'वॉव' म्हणणार. मग माझ्या वहीतल्या त्या वाक्याचं काय? इथे मूर्त करायचंच नव्हतं मुळी.

म्हणून बटाटे. रात्री बसून मोठे बटाटे उभे अर्धे केले, एक बाजू उभ्या चढाची आणि एक हळूहळू उतरणारी असेल असे निवडून. पालथे घातले, प्रत्येकात वरून खालपर्यंत दाभणाने दोन भोकं पाडली आणि मग सारख्या जाडीचे आडवे काप केले. काळे पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात. सकाळी डबा घेऊन एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, भाजी का?

वर्गात गट केले. सगळ्यात खालचा काप कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, दोन भोकांच्या खुणा करायच्या. मग वरचा काप त्याच खुणांवर, पुन्हा पेन्सिल. एक काप म्हणजे शंभर मीटर. कागद ओले झाले, एकाने काप खाल्ला, दोघांनी आमच्या बटाट्याला शिखरं दोन आहेत असा दावा केला. गोंगाट होता, नाही म्हणत नाही. आणि मग मागच्या गटातला एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "बाई, ह्या बाजूला रेषा चिकटल्यात. हिकडनं चढता यायचं नाही." मी विचारलं, "आणि आपल्या गडाला अशी बाजू कुठली?" अख्खा वर्ग खिडकीकडे धावला आणि कड्याकडे बोटं दाखवायला लागला. मी 'तीव्र उतार' हा शब्द अजून उच्चारलाही नव्हता.

तास संपला. मूल्यमापनाची पायरी राहिली.

निरीक्षक सर शेवटच्या बाकावर होते. नंतर स्टाफरूममध्ये, बाकीचे छात्राध्यापक चहा घेत असताना, त्यांनी निरीक्षणाचा कागद माझ्यापुढे सरकवला. चेतक बदल (पोरांचं लक्ष टिकावं म्हणून शिकवण्यात केलेले बदल), चांगला. वर्गनियंत्रण, सुधारणेस वाव. तंत्रज्ञानाचा वापर, पाचपैकी शून्य. वर म्हणाले, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं. तुम्ही कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई, आणि दोन हातांवर टीव्ही असताना बटाटे?" सगळे हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण हसले. मी सही केली. उत्तर तयार होतं, अगदी सूत्रासकट, पण घशातून बाहेर येईना. ग्रुपवर त्या दिवशी फोटो गेलाच नाही. त्या आठवड्यापासून मी कॉलेजात 'बटाटा मॅडम' आहे.

मिश्रा आणि कोहलर यांनी 2006 साली मांडलेला टीपॅक हा आराखडा आम्हाला बी.एड.च्या परीक्षेला असतो. आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान अशी तीन वर्तुळं, आणि गंमत ती एकमेकांत शिरतात तिथे. पेपरात आकृती काढली की पूर्ण गुण. निरीक्षणाच्या कागदावर मात्र तंत्रज्ञानाचं वर्तुळ एकटंच, वेगळ्या रकान्यात. तुम्हीच सांगा.

कुणी डिसले गुरुजींचं उदाहरण देतं. परितेवाडीच्या शाळेतून 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ, पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड, वगैरे. मलाही अभिमान आहे हो. पण मुलांची घरची भाषा कन्नड म्हणून गुरुजी आधी ती शिकले, असंही त्याच पुरस्काराच्या वेळी सांगितलं गेलं. ते कुणी मला ऐकवत नाही. क्यूआर कोड तेवढा सगळ्यांच्या लक्षात.

आता ज्यात मी अडकते ते सांगते. सरांचं सगळंच चुकलं होतं का? नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीने एकात एक गोल काढले होते, व्यवस्थित, खुणांसकट. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "काचऱ्या." तिच्यासाठी तो बटाटा होता आणि बटाटाच राहिला. पुढच्या ऑफ तासाला मी टीव्हीचं कव्हर काढलं. पांडवगड आणला, तिरका. मग हळूहळू कॅमेरा डोक्यावर नेला, अगदी सरळ वरून. गड चपटा झाला. नुसते हिरवे-तपकिरी डाग. ती पुढे आली आणि म्हणाली, "बाई, गड गेला." मी म्हटलं, गेला नाही, तिथंच आहे. मग नकाशावर त्याची उंची कशी सांगशील? ती परत जागेवर गेली, वही उघडली आणि गोलांवर आकडे घालायला लागली. शंभर, दोनशे, तीनशे.

हे बटाट्याने केलं नसतं. वरून बघितल्यावर उंची नाहीशी होते, हे टीव्हीनेच दाखवलं. पण आधी हातात बटाटा आला नसता तर तिने आकडे घातले असते का? की पहिल्याच दिवशी टीव्ही लावला असता तर एका तासात काम झालं असतं, आणि ही सगळी दाभणाची उस्तवार मी स्वतःच्या हौसेसाठी केली? मला खरंच ठरवता येत नाही. तो तास कुणी पाहिला नाही, त्याला गुण नाहीत. मी निरीक्षक सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तोच पाठ लावायचा ना आम्हाला."

आणखी एक, हे आत्याबाईंनासुद्धा सांगितलेलं नाही. सेंटरवर मला कधी कुणी 'बाई' म्हटलं नाही. मॅडम म्हणायचे, पण प्रिंटर अडकल्यावर हाक मारतात त्या सुरात. शाळेत पहिल्यांदा 'बाई' ऐकलं. टीव्हीला हात लावला की मुख्याध्यापक लगेच म्हणतात, "मॅडम, जरा ऑफिसातला वायफाय पण बघा." तेव्हा मी स्क्रीन टाळते ती अध्यापनशास्त्रापायी, की पुन्हा प्रिंटरवाली व्हायचं नाही म्हणून? दोन्ही असेल. सरांना हे सांगून काय उपयोग, त्याला रकाना नाही.

एआय वापरता का, असंही विचारतात. तर टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहायला बी.एड.च्या वर्गातले जवळजवळ सगळे वापरतात. मीही दोनदा उद्दिष्टं लिहून घेतली. छान, गुळगुळीत उद्दिष्टं होती. खिडकीतून काय दिसतं ते त्यात नव्हतं, ते मी त्याला सांगितलंही नव्हतं म्हणा.

पुढचा पाठ आठवीला, नकाशाप्रमाण. मैदानावर मोजपट्टी घेऊन शाळेचा नकाशा काढायचा, की फोनवर नकाशा लहान-मोठा करताना कोपऱ्यातली प्रमाणाची पट्टी कशी बदलते ते दाखवायचं, हे अजून ठरलेलं नाही. आधी काय आणि नंतर काय, यावर अडलंय, आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. सरांनी आधीच विचारून ठेवलंय, टीव्ही आहे ना? आहे म्हटलं. टाचण कोरं आहे.