गोदामातला काटा

आमच्या गावच्या सेवा सोसायटीच्या गोदामात एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायच्या काळात छतापर्यंत कापूस लागायचा. 1972 मध्ये सुरू झालेली ती योजना कधीच गुंडाळली गेली, आणि गोदामात कबुतरं तेवढी उरली. इकडे आमच्या मुली कबड्डीचा सराव करायच्या शाळेच्या उघड्या पटांगणावर. मार्चपासून तिथं तळवे भाजतात, पावसाळ्यात काळी माती पायाला धरून बसते.

गोदाम मागायच्या आधी मी टेप घेऊन गेलो. 60 बाय 40 फूट. पुरुषांचं 13 बाय 10 मीटरचं मैदान बसतं, पण भिंत अंगावर येते. मुलींचं 12 बाय 8 चं मात्र ऐसपैस.

पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसरीत ठराव झाला आणि मी पेढे वाटले. घाईच केली. गोदाम ग्रामपंचायतीचं नव्हतंच! सोसायटीत गेलो तर सचिव म्हणाले, "खेळा ना बापा, आमचं काही म्हणणं नाही. पण काट्याचं काय करता?"

गोदामाच्या मधोमध जुना वजनकाटा. गंजून लाल झालेला, त्याचे चार बोल्ट कोब्यातून बोटभर वर आलेले. पकडीत कोणी त्यावर पडलं तर गुडघा गेलाच. काढायला अर्धा तास पुरला असता. लागले सात महिने, कारण जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सोसायटीच्या सामानाच्या वहीत, काटा अजून चालू होता. निर्लेखनासाठी, म्हणजे वहीतून तो कमी करायला, संचालक मंडळाचा ठराव, मग मूल्यांकन, मग वरच्या कार्यालयाची मंजुरी. तिथून अर्ज दोनदा परत आला. एकदा तर फोटोत काटा नीट दिसत नाही म्हणून. कबुतरांच्या विष्ठेखाली तो मलाच नीट दिसत नव्हता. शेवटी लिलावाला एकच भंगारवाला आला. त्यानं गॅस कटरनं बोल्ट कापले, आम्ही खड्डे सिमेंटनं बुजवले.

बाकीचं भराभर झालं. टिनावर चुना मारला, दोन टिनं काढून उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकले, भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या. मॅट शेजारच्या गावच्या मंडळाच्या, उसन्या. मे महिन्यात दुपारी आत भट्टीच असते, म्हणून सराव पहाटे साडेपाचला.

करारात एक अट आहे: खरिपाचं खत आलं की अर्धं गोदाम सोसायटीचं. यंदा युरिया आला तेव्हा मुलींनीच मॅट गुंडाळून माळ्यावर टाकल्या. उरलेल्या अर्ध्यात दंड-बैठका चालू होत्या, आणि आमची डाव्या कोपऱ्यावर खेळणारी मुलगी 45 किलोचं पोतं उचलून बघत होती.