डेल्टाचा हरवलेला बूस्ट: दोन गळत्या आणि एक तुटलेला स्टड

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गाडी चालते, पण ओढत नाही. गाडी तीच, १९९०ची सोळा व्हॉल्व्हवाली लॅन्चिया डेल्टा इंटेग्राले. दोन लिटरचं इंजिन, कागदावर २०० हॉर्सपॉवर. बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या जादा दाबाचा काटा पूर्वी तीन हजार आरपीएमच्या आसपास झपकन वर जायचा. आता तो चार हजारांपर्यंत रेंगाळायचा आणि साडेपाच हजारांच्या पुढे परत घसरायचा.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: टर्बो गेला, बदलून टाक. मला ते पटत नव्हतं. टर्बो जाताना काहीतरी खूण ठेवून जातो. निळा धूर येतो, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल साचतं, नाहीतर पाती हाउसिंगला घासलेली दिसतात. इथे यातलं काहीच नव्हतं. तरी सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तोंडाचा पाइप काढून शाफ्ट चिमटीत धरून हलवला. बाजूला किंचित हलला, आणि तो हलायलाच हवा. या गॅरेट टी३चा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. बघायचं असतं ते आत-बाहेर हलतो का. तसा तो जाणवण्याइतकाही हलला नाही. हातपंपाने वेस्टगेटच्या (बूस्ट जास्त झाला की गॅस बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्चुएटरला हवा दिली, दांडी वेळेवर सरकली आणि जागेवर परत आली. टर्बो निर्दोष सुटला.

मग हवा जाते कुठे?

इथे या गाडीचा एक गुण आड येतो. तिची वेबर-मारेल्ली इंजेक्शन यंत्रणा आत येणारी हवा मोजत नाही. ती मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला दाब आणि हवेचं तापमान बघून पेट्रोलचा हिशेब करते. त्यामुळे टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये कुठे हवा निसटली तरी इंजिनला जेवढी हवा मिळते तेवढ्यापुरतं मिश्रण बरोबरच असतं. काळा धूर नाही, आयडलिंग स्वच्छ. एअरफ्लो मीटर असलेली गाडी अशा वेळी लगेच कुरकुरते. ही मुकाट्याने ताकद गमावत राहते.

म्हणून प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडात घट्ट बसेल असं ॲल्युमिनियमचं बूच घेतलं, त्याला टायरचा व्हॉल्व्ह लावला आणि रेग्युलेटरमधून ०.२ बारने सुरुवात केली. बूच थेट टर्बोवरच लावा, एअर फिल्टरच्या टोकाला नको. क्रँककेसचा ब्रीदर टर्बोच्या आधीच्या पाइपात येतो. तो टेस्टमध्ये आला तर दाब इंजिनच्या पोटात जाईल आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातील. ०.६ बारला पोचलो तेव्हा बारीक फुसफुस ऐकू आली. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होसवर, बरोबर क्लॅम्पच्या पट्टीखालून, फेसाचा एक फुगा हळूहळू मोठा होत बाहेर आला. क्लॅम्प सोडला तर खाली बोटाच्या पेराएवढी चीर. वरून रबर नव्यासारखं काळंभोर. वर्षानुवर्षं क्लॅम्प जिथे आवळला गेला तिथेच ते कापलं गेलं होतं. नवा होस आणि गोल कडांचा क्लॅम्प लावला, आणि काटा ०.८ बारपर्यंत नीट चढला.

पण तो चढायचा अजूनही उशिराच. म्हणजे निम्मं दुखणं बाकी होतं.

सकाळी थंड इंजिनवर चावी मारली की पहिली दोन-तीन मिनिटं टिक-टिक-टिक असा आवाज यायचा, गरम झाल्यावर बंद. इतके दिवस मी तो टॅपेटचा समजत होतो. हीट शील्ड काढून टॉर्च मारला तर चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली काजळीची पंख्यासारखी पसरलेली रेघ दिसली. सिलिंडरांमधला जळालेला गॅस टर्बोकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच लीक होत होता. टर्बाइन फिरतं ते तापलेल्या गॅसच्या जोरावर. तो गॅस टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच निसटला, तर बूस्ट वेळेवर येणार कसा? लोखंड गरम होऊन पसरलं की फट मिटते, म्हणून आवाजही मिटतो. गाडी तापवून ऐकलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं.

मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला धरून ठेवणाऱ्या स्टडवर, म्हणजे आटे असलेल्या दांड्यांवर, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं. घाई केली नाही, प्रत्येक नट थोडा सोडून थोडा परत आवळत काढला. तरीही शेवटचा स्टड हेडच्या पातळीलाच तुटला. त्या क्षणी पोटात गोळा आला. हेड ॲल्युमिनियमचं, ड्रिल जरा तिरकं गेलं तरी आटे गेले.

ड्रिलला हात लावायच्या आधी वेल्डिंगचा मार्ग धरला. तुटलेल्या टोकावर वेल्डने धातूचा थेंब चढवायचा, त्यावर वॉशर, वॉशरवर नट. वेल्ड स्टीलला धरतो, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. शिवाय त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. पहिले दोन नट पाना लावताच उपटले. तिसऱ्यांदा लाली उतरेपर्यंत थांबलो, लहान पान्याने पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. धाकटा भाऊ टॉर्च धरून होता, तोच आधी म्हणाला, "दादा, हलला!" करकर असा कोरडा आवाज करत स्टड बाहेर आला. आतले आटे शाबूत! जीव भांड्यात पडला.

मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातला तर टोकाला ०.३ मिलिमीटरची फट. नुसतं नवं गॅस्केट टाकून ही फट बुजली नसती, म्हणून मॅनिफोल्डचा फेस मशीनवर सपाट करून घेतला. क्रॅक कुठेच नव्हता. सगळे स्टड नवे, नट तांब्याचा मुलामा असलेले, आवळले मधून बाहेरच्या बाजूला. चार-पाच वेळा इंजिन तापवून पूर्ण थंड केल्यावर ते परत तपासले. दोन नट थोडे फिरले.

आता तीन हजारांवर काटा उठतो आणि ०.९ बारला जाऊन थांबतो. सहा हजारांपर्यंत तो तिथेच असतो. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि चारही चाकांनी एकदम रस्ता धरला. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं डेल्टाने जागतिक रॅलीचं उत्पादकांचं अजिंक्यपद का जिंकलं, ते पाठीला कळलं. ग्रुप ए या तेव्हाच्या रॅली गटाच्या नियमात रॅलीत उतरवायच्या मॉडेलच्या ५,००० गाड्या बनवाव्या लागत. त्यामुळेच ही यंत्रणा आपल्यासारख्यांच्या हाती लागली, आणि म्हणून ती मूळ स्वरूपात टिकवायचा माझा हट्ट आहे. मोठा टर्बो सुचवणाऱ्या मित्रांना माझं उत्तर तेच.

या फेरीत एक नवी गोष्ट लक्षात आली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की गाडी अडखळते. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंग (घट्ट तेलाच्या जोरावर वेगातला फरक रोखणारा जोड) आहे, ताकद पुढे ४७ टक्के आणि मागे ५३. चारही टायरचा घेर सारखा नसेल तर पुढचे आणि मागचे शाफ्ट कायम वेगवेगळ्या वेगाने फिरतात. मग कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल विनाकारण तापत राहतं आणि कपलिंग ताठर होतं. माझे मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा नवे आहेत. आधी खडूची खूण करून प्रत्येक चाक एक पूर्ण फेरा ढकलून अंतर मोजणार. टायर सारखे निघाले तरच कपलिंग खोलायचं.