लगतधारकांना नोटीस नाही

मी भूकरमापक आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले बघितलेत, आणि एका आजोबांनी चाळीस वर्षांनी सापडलेल्या हद्दीच्या दगडाला तिथेच उभ्या उभ्या हळदकुंकू वाहिलेलंही बघितलंय. त्यामुळे लोक बर्फ बघायला, तलाव बघायला मध्य आशियातल्या पामिरच्या डोंगरात जातात तसा मी गेलो नाही, मी गेलो ती हद्द बघायला. १८९५ ची. रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान या दोघांनी मिळून कायम केलेली. बायको आणि तिची मैत्रीण सोबत होत्या, त्यांना डोंगर बघायचे होते, ते त्यांना भरपूर मिळाले.

ताजिकिस्तानची राजधानी दुशांबे ते पामिरमधलं खोरोग हा प्रवास शेअर जीपमध्ये सोळा तासांचा झाला, त्यात सात जणांच्या गाडीत नऊ माणसं. खोरोगचे दोन दिवस पाय मोकळे करण्यात गेले. यामचुनचा किल्ला, बीबी फातिमाचा गरम पाण्याचा झरा, व्रांगचा जुना बौद्ध स्तूप, सगळं बघितलं, छान आहे. पण मला लिहायचंय ते व्रांगच्या पुढे, लंगरच्या अलीकडे एका छोट्या गावातल्या दोन रात्रींबद्दल.

आधी जागा सांगतो म्हणजे कळेल. खोरोगहून निघालात की उजव्या हाताला पंज नदी येते आणि मग दोन दिवस ती तुमची पाठ सोडत नाही. रस्ता ताजिकिस्तानात, पलीकडचा काठ अफगाणिस्तानात. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद की पलीकडून गाढवं हाकत चाललेल्या पोरांच्या शिट्ट्या ऐकू येतात. मी दिवसभर खिडकीतून तेच बघत होतो, इकडे गव्हाची कापणी, तिकडे गव्हाची कापणी, इकडे पॉपलरची रांग, तिकडे तीच रांग, घरंही तशीच, मातीची, सपाट धाब्याची. आपल्याकडे ओढ्याच्या दोन बाजूंना एकाच गावाच्या दोन वाड्या असतात ना, अगदी तसं. मधे फक्त गस्त घालणारे सैनिक, तीन-चार जणांच्या टोळीनं चालत जाणारे, वय असेल एकोणीस-वीस.

आम्ही उतरलो ते घर जुन्या पामिरी पद्धतीचं. आत पाच लाकडी खांब, मुहम्मद, अली, फातिमा, हसन, हुसेन अशी त्यांची नावं, वर चौकटीत चौकट असे चार चौकोन आणि मधून उजेड. भिंतीवर आगा खानांचा फोटो, कारण इथली मंडळी इस्माइली, म्हणजे आगा खानांना इमाम मानणारे शिया मुसलमान. घरात ऐंशीच्या घरातली आजी, तिला सगळे बीबी म्हणत, तिची सून, आणि खोरोगला शिकणारा, सुट्टीला आलेला नातू ज्याला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. सकाळी शीरचाय, म्हणजे मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा, त्यात नान कुस्करून खायचा. बायकोनं पहिल्या घासातच ओळखलं, ही आपली दूध-भाकरी.

आता ज्या गोष्टीचा मला राग आला ती. आमच्याच घरी चार जणांचा एक परदेशी ग्रुप होता. संध्याकाळी त्यांनी ड्रोन काढला आणि थेट नदीवर नेला, सरहद्दीवर, कारण व्हिडिओ भारी येतो. पंधरा मिनिटांत सैनिक दारात. सगळ्यांचे पासपोर्ट, परवाने, फोनमधले फोटो, दोन तास चौकशी, घरच्या त्या नातवाला एवढे प्रश्न विचारले की त्याचे ओठ कोरडे पडले. ते चौघं दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेले, त्यांना एक किस्सा मिळाला. ज्यांना त्या चौकीसमोर जन्म काढायचाय त्यांचं काय? पाहुणा म्हणून कुणाच्या घरी राहायचं आणि त्यालाच अडचणीत आणायचं, हे मला सहन होत नाही. सून मात्र त्यांनाही जेवायला वाढत होती, आणि सैनिकांनाही चहा दिला तिनं.

त्या रात्री बीबी झोपली नाही. मलाही झोप नव्हती. पोरगा, बीबी आणि मी, तिघं चुलीपाशी बसलो आणि ती बोलायला लागली. वाखी, म्हणजे या खोऱ्यातल्या लोकांच्या भाषेत बोलत होती, पोरगा सांगत होता, पण मधे एक शब्द आला आणि मला भाषांतराची गरजच पडली नाही. सरहद. ताजिकमध्येही सरहदच म्हणतात. दुसरा शब्द दर्यो, म्हणजे नदी. आपण दर्या समुद्राला म्हणतो.

बीबीच्या आईची मोठी बहीण नदीपलीकडे दिलेली. तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं, दोन्ही काठ वाखानचेच, म्हणजे याच खोऱ्याचे, लोक एकच, लग्नं, जत्रा, मयत सगळं येण्याजाण्याचं. १८९५ ला रेघ पडली तरी बरीच वर्षं माणसं जात-येत राहिली, कागदावरची हद्द आणि वहिवाट यात फरक असतो हे मला कुणी शिकवायला नको. पण पुढे सोव्हिएत काळात, १९३० च्या दशकात, ती सरहद्द घट्ट बंद झाली. मग बहिणी भेटल्या नाहीत. कधीच नाही. बीबीची आई रोज पहाटे धाब्यावर चढायची आणि पलीकडच्या त्या घराच्या छतातून धूर निघाला की म्हणायची, उठली. बस, एवढंच. एका हिवाळ्यात चार दिवस धूर आला नाही. पाचव्या दिवशी आला, पण आईनं ओळखलं, ही आग वेगळ्या हातानं पेटवलेली आहे.

मी हे ऐकलं आणि रात्रभर माझ्या डोक्यात आमच्या ऑफिसातला एकच शब्द फिरत राहिला, लगतधारक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे कुणीही मोजणीचा अर्ज केला की आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना, म्हणजे लगतधारकांना, नोटीस काढावी लागते. तारीख कळवायची, जागेवर बोलवायचं, आले तर त्यांची वहिवाट दाखवून घ्यायची, जबाब घ्यायचा. नोटीस नाही काढली तर ती मोजणी टिकत नाही. अर्धा एकर खडकाळ माळासाठी आम्ही हे करतो.

आणि इथे काय झालं? १८७३ मध्ये लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यात पत्रं गेली-आली, त्यात ठरलं की ऑक्सस नदी, म्हणजे हीच पंज, अफगाणिस्तानच्या अमीराच्या मुलखाची हद्द. शुघनान आणि रोशान ही संस्थानं नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहेत याचा पत्ताच नाही. डोंगराळ मुलखात नदी म्हणजे गावाची वेस नसते हो, नदी म्हणजे गावाचा मधला रस्ता असतो, दोन्ही उतारांवरची शेतं त्याच पाण्यावर. जो कुणी कधी खोऱ्यात मोजणी केली असेल तो हे सांगेल. पण नकाशावर निळी रेघ आयती मिळते. १८८३ मध्ये अमीर अब्दुर रहमाननं पलीकडचाही भाग घेतला, त्याच वर्षी वाखानचा मीर, म्हणजे तिथला राजा, अली मर्दान शाह मुलूख सोडून चित्रालकडे निघून गेला. म्हणजे ज्याचा सातबारा तोच जागेवर नाही. मग १८९१ च्या ऑगस्टमध्ये पामिरमधल्या बोझाई गुंबझला रशियन कर्नल यानोव्हनं यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याला गाठलं आणि हा रशियाचा मुलूख आहे, निघा म्हणून सांगितलं, त्यावरून लंडनमध्ये गदारोळ. पुढच्या वर्षी पामिरमध्येच सोमाताशला रशियन आणि अफगाण सैनिकांची चकमक.

मग तोडगा काढला तो असा, की दोन साम्राज्यांचा बांधाला बांध लागूच नये. मधे अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी सोडायची. सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब, आणि अरुंद जागी जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. दोन भांडखोर शेजाऱ्यांमध्ये तिसऱ्याच्या नावानं पडीक पट्टा ठेवावा तशी. अमीराला ही पट्टी नकोच होती, दूर, थंडी, सांभाळायला खर्च. १८९३ ला हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव ड्युरँड काबूलला गेला, तिथे पंजपलीकडचं सोडायचं अमीराकडून कबूल करून घेतलं, आणि त्याच भेटीत त्याचं वर्षासन १२ लाखांवरून १८ लाख रुपये केलं. ते रुपये हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतले. तीनच वर्षांनी आपल्या दख्खनेत दुष्काळ पडला. मी दुष्काळी तालुक्यातला आहे, हे वाचलं तेव्हा मला गप्प बसवलं नाही, अजूनही बसवत नाही.

११ मार्च १८९५ ला करार झाला आणि त्या उन्हाळ्यात कमिशन झोरकुल तलावापाशी भेटलं. १८३८ मध्ये जॉन वुड हा ब्रिटिश अधिकारी तिथे पोहोचला होता, तलावाला व्हिक्टोरियाचं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं, पण त्यानं स्थानिक नावच ठेवलं, व्हिक्टोरियाचं नाव नकाशावर पुढे चढलं. ब्रिटिशांकडून जनरल जेरार्ड, रशियाकडून जनरल पोवालो-श्वेइकोव्हस्की, मोजणीला सर्व्हे ऑफ इंडियाचा होल्डिच. तलावापासून पूर्वेला चीनच्या हद्दीपर्यंत बारा खांब उभे केले. चार हजार मीटरच्या वर, वारा असा की त्रिपाई धरून ठेवायला माणूस लागत असणार. मोजणीदार म्हणून मी त्या कामापुढे मान झुकवतो, मनापासून. काम चोख आहे. अमीराची माणसंही हजर होती. पण वाखी? किरगीझ मेंढपाळ, ज्यांच्या उन्हाळी कुरणातून ती रेघ गेली? त्यांना कुणी विचारलं नाही. लगतधारकांना नोटीस नाही. एका शिखराचं नाव त्यांनी ठेवलं कॉन्कॉर्ड, सलोखा. दोघांचा झाला असेल. आज वाखी लोक चार देशांत आहेत, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तानातलं गोजाल, चीनचं ताश्कुरगान.

मला पहिला खांब बघायचा होता. झोरकुलचा वेगळा परवाना लागतो, तो मी काढला नव्हता, आणि खारगुशच्या चौकीवरून आम्ही सरळ अलिचुरकडे वळलो. याची हळहळ अजून आहे. जाणार असाल तर खोरोगलाच काढून घ्या.

पण त्याआधी, निघायच्या सकाळी. पहाट होती, माझ्या घड्याळात अजून भारतातले साडेसहा, बीबीच्या भिंतीवर सहा, आणि पोरगा म्हणाला पलीकडे आत्ता साडेपाच. त्याच उजेडात दोन्ही काठांवर धूर चढत होता. बीबी धाब्यावर आली, माझा हात धरला आणि बोटानं दाखवलं. सात पॉपलर, त्यातला एक मोडका, त्याच्या डाव्या अंगाला घर. हल्ली तिथे कोण राहतं तिला माहीत नाही. मावशीची नातवंडं असतील, किंवा नसतील.

पोरानं तिला सांगितलं की हा पाहुणा जमीन मोजतो. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मग सांग, ते घर किती लांब आहे?

माझ्याकडे काही नव्हतं. मशीन नाही, साखळी नाही, आणि काल रात्रीनंतर नदीकडे फोन रोखणं म्हणजे त्या घरावर परत संकट. म्हणून जुन्या प्लेन टेबलच्या, म्हणजे सपाट फळीवर नेम धरून रेघा मारायच्या पद्धतीनं केलं, साहेबांनी सुरुवातीला हातात टेबल देऊन शिकवलं होतं तसं. शेताच्या दगडी कुंपणाच्या भिंतीवर वही सपाट ठेवली, पासपोर्टची कड पट्टीसारखी धरून त्या मोडक्या पॉपलरवर नेम धरला, पेन्सिलनं रेघ मारली. मग भिंतीच्या कडेनं शंभर पावलं मोजून चाललो, वही परत लावली, मागच्या खुणेवर जुळवली, दुसरी रेघ. दोन रेघा वहीच्या पार वरच्या टोकाला जाऊन मिळाल्या. पावलं धरून हिशेब केला, साडेसहाशे मीटरच्या आसपास. पन्नास इकडे-तिकडे.

बीबीला मीटर नको होते. तिनं विचारलं, चालत किती वेळ?

म्हटलं, दहा मिनिटं.

पोरानं सांगितलं. तिनं ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हटलं, पलीकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे वळून विचारलं, तुझ्या पायांनी की माझ्या?

तुमच्या पायांनी वीस, मी म्हटलं.