चावतो का हो?

आमचा बंड्या जर्मन शेफर्ड आहे, वजन ३४ किलो. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची. बंड्या आत शिरला की ती दोन माणसांची होते. कुरिअरवाला, कुणाचे पाहुणे, नवे भाडेकरू, रोज एकजण तरी विचारतोच, "चावतो का हो?" मी "हो" म्हणते. माणसं आधी हसतात, मग मी हसत नाहीये हे बघून मागे सरतात. परवा दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या बाईंनी जरा रागानेच विचारलं, "मालकीणच असं सांगते? का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

२०२२ चा जुलै, सकाळचे साडेसात. मी खाली लॉबीत होते. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल, ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी वाचत होते. पट्टा पार सैल सोडलेला. तिसऱ्या मजल्यावरचे काका बाहेर निघाले आणि त्यांनी बटणाची छत्री उघडली. फट्! थेट बंड्याच्या तोंडासमोर. मी मान वर केली तेव्हा काकांचं मनगट त्याच्या जबड्यात होतं.

आणि मी काय म्हणावं? "अहो, तो असं कधीच करत नाही!" जखम बघायच्याही आधी. काकू मागेच उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आज केलं ना."

वॉचमनच्या केबिनजवळच्या नळाखाली काकूंनीच हात धरला, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग महापालिकेचं हॉस्पिटल. रक्त आलेलं, म्हणून नुसत्या लसीवर भागलं नाही. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, जखमेतच टोचलं, तेव्हा काका ओरडले. बंड्याला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही, आणि बरोबरच केलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पहिला दिवस धरून पुढे तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा अशी पाच इंजेक्शनं. पाचही वेळा मी रिक्षाने काकांना घेऊन गेले. "आमच्या वेळी पोटात चौदा घ्यायला लागायची," असं ते मलाच धीर देत होते. दहा दिवस बंड्यावर नजर ठेवायची होती. त्याच दिवसांत कपाटातून त्याची फाइल काढली, तर पालिकेचं लायसन्स संपून दोन वर्षं झालेली. काका पोलिसांत गेले असते तर मी काय तोंडाने बोलणार होते?

ते गेले नाहीत. सगळे असे नसतात, आणि नसावेतही. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की जातीच्या एका कुत्र्याने शेजाऱ्याला चावलं. २०२५ मध्ये कोर्टाने मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. सात वर्षं लागली. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ अशा निष्काळजीपणासाठीच आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये दंड हजारावर थांबायचा.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ 'हिंस्र' जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. पिटबुल, रॉटवायलर वगैरे. महिन्याभरात कर्नाटक हायकोर्टाने ते पत्रक रद्द केलं. त्या यादीत हस्की नव्हता. जर्मन शेफर्डही नव्हता. (चौथ्या मजल्यावरच्या पामेरियनने आजवर तिघांना ओरबाडलंय. त्याला कुणी विचारतसुद्धा नाही, उलट उचलून घेतात.) मला विचाराल तर यादी करायचीच असेल तर पट्टा धरून मोबाइल बघणाऱ्यांची करावी. पहिलं नाव माझं घाला.

प्राणी कल्याण मंडळाचं म्हणणं असं की सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टने न्यायला बंदी घालता येत नाही, मुसक्याची सक्तीही करता येत नाही. मीटिंगमध्ये ही प्रिंटआउट फडकवणारे आमच्याकडे दोघे आहेत. पहिला भाग मलाही हवाच आहे. पण सक्ती नाही म्हणून घालूच नये असं कुठे लिहिलंय? सकाळी शाळेच्या गर्दीत मी बंड्याला जाळीचं मुसकं घालते. त्यातून त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात. पट्टा आखूड, मोबाइल घरी. लिफ्टमध्ये आधीच कुणी असलं की "तुम्ही व्हा पुढे." लायसन्स दर वर्षी नवं करते, ते फ्रिजवर चिकटवलेलं असतं.

काकांच्या मनगटावर दोन पांढुरके ठिपके आहेत. पावसाळ्यात ते लॉबीत आले की छत्री हातातच मिटलेली ठेवून लांबूनच विचारतात, "काय गं, धरलायस ना? उघडू?" मी पट्टा गुंडाळून घेते, बंड्याला खाली बसवते, आणि मग सांगते, "उघडा."