माझ्या टूलचं डेबियन पॅकेज करताना

लॉग, म्हणजे प्रोग्रामांनी केलेल्या नोंदी, चाळायला मी स्वतःपुरतं एक छोटं टूल लिहिलं होतं. दोन-चार जणांनी मागितलं म्हणून त्याचं डेबियन पॅकेज, म्हणजे डेबियन या लिनक्सवर थेट इन्स्टॉल होणारी फाइल, करायला घेतलं. कोडला जेमतेम हात लावावा लागला. वेळ खाल्ला तो नावांनी आणि फाइलींच्या जागांनी.

पॅकेजच्या नावात लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, अंक, अधिक, उणे आणि टिंब एवढंच चालतं. अंडरस्कोर चालत नाही, कारण पॅकेजच्या डेब फाइलच्या नावात नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) वेगळे करायचं काम त्याच्याकडे आहे. कमांडचं नाव ही आणखी वेगळी कटकट. कमांड जिथे बसतात ती /यूएसआर/बिन ही जागा सगळ्या पॅकेजेसची सामाईक, तिथे एका नावाची फाइल एकच. म्हणूनच डेबियनवर 'बॅट' टूल 'बॅटकॅट' या नावाने चालवावं लागतं. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची ते सांगणाऱ्या 'ॲप्ट-फाइल'मध्ये मी आधी शोधून पाहिलं आणि मगच जरा लांबलचक नाव घेतलं. टाइप करायला कंटाळा येतो, पण भांडण नाही.

आवृत्तीत मजा आली. चाचणीची आवृत्ती '१.०आरसी१' लिहिली तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा डेबियनचा प्रोग्राम, तिला '१.०'पेक्षा नवी समजतं. म्हणजे ती घेतलेल्यांना अंतिम आवृत्ती अपग्रेड म्हणून मिळणारच नाही. '१.०~आरसी१' लिहिलं की गणित सुटतं, कारण तिथे टिल्डे (~) पुढे काहीच नसण्याच्याही आधी धरला जातो. 'डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स'ने खात्री केली. ही कमांड स्क्रीनवर काही छापत नाही, निकाल एक्झिट स्टेटसमध्ये, म्हणजे कमांड संपताना परत देते त्या आकड्यात, बघायचा.

मग फाइलींच्या जागा. टूल बांधायच्या आणि बसवायच्या सूचना असलेल्या मेकफाइलमध्ये प्रीफिक्स, म्हणजे सगळ्या पत्त्यांची सुरुवात, /यूएसआर/लोकल होता. डेबियनमध्ये तो भाग मशीन सांभाळणाऱ्याचा, पॅकेजने तिथे फाइली टाकायच्या नाहीत. प्रीफिक्स /यूएसआर केला, तर सेटिंगची फाइल /यूएसआर/ईटीसीमध्ये जाऊ लागली. म्हणून तिचा /ईटीसी हा पत्ता वेगळा द्यावा लागला. तिथे गेली की पॅकेज बांधायला मदत करणारा डेबहेल्पर तिला आपोआप कॉन्फफाइल (जपायची सेटिंग फाइल) ठरवतो, आणि कुणी ती बदलली असेल तर नवी आवृत्ती गुपचूप तिच्यावर लिहिली जात नाही. पुन्हा तयार करता येणारी कॅश (तात्पुरता साठा) /व्हार/कॅशमध्ये, मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) /यूएसआर/शेअर/मॅनमध्ये.

हे सगळे पत्ते मेकफाइलमध्ये व्हेरिएबल म्हणूनच ठेवलेत. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बाहेरची पॅकेजेस /यूएसआर/लोकलमध्येच बसतात आणि त्यांची सेटिंग्ज /यूएसआर/लोकल/ईटीसीमध्ये, त्यामुळे तिथे मूळचाच प्रीफिक्स कामाला येतो.